सेतेंब्र

स्वयंपाकघर फोडलंय, त्याला आज तेवीस दिवस झाले.
शेगडी बाल्कनीत, दोरीवरच्या कपड्यांखाली,
हुमणाचा वास शाळेच्या गणवेशात शिरतो
आणि मनवा कुरकुरत बसमध्ये चढते.
फ्रीज बाहेरच्या खोलीत,
लांबून आलेल्या पाहुण्यासारखा
उभ्याउभ्याच घुरघुरत असतो.

कुर्टीच्या चढावरचं हे घर
दीड वर्षापूर्वी रिबेलोंकडून घेतलं.
ते लंडनच्या बाजूला कुठेतरी गेले.
किल्ली देताना म्हणाले, नळ थोडा गळतो.

हप्ता एकवीस हजार आठशे ऐंशी.
त्यातले मुद्दलात जातात
चार हजार सहाशे ऐंशी.
हे मला कोणी सांगितलं नाही.
कागद उलटेसुलटे करून मीच शोधलं
आणि रात्री दीड वाजता प्रजोतला उठवून दाखवलं.
तो म्हणाला, झोप.
पण दुसऱ्या दिवसापासून
नवा फोन बघायचं त्यानं सोडलं.

पन्नास हजार एकदम भरले
तर टोकाकडचे दहा हप्ते गळतात.
दहा!
पालीची शेपटी तुटावी तसे.

पहिले पन्नास चवथीआधी भरले.
बँकेतली मुलगी म्हणाली, हप्ता कमी करू की—
मुदत, मी म्हटलं.
दुसऱ्या पन्नाससाठी लाडवांचा डबा रिकामा केला.
पुरुमेंताची सोलं आणि मिरची आईकडून आणली,
इसवणाऐवजी बांगडे,
आणि बांगडे महागले तेव्हा कुळथाची पिठी, आठवडाभर.
अडतीस हजार पाचशे झाले
आणि भिंत ओली झाली.
नळ थोडा गळत नव्हता.
तो आतून गळत होता, किती वर्षं कोण जाणे.

आता डब्यात अकरा हजार.

दुकानात मी सगळं हप्त्यांत मोजते.
ग्रॅनाइट: आठ हप्ते.
धूर ओढणारी चिमणी: तीन हप्ते.
आपोआप हळू मिटणारे ड्रॉवर: पाच.
आम्ही हातानं हळू मिटू, मी दुकानदाराला सांगितलं.
तो हसला नाही.
ओट्याला कडाप्पाच घेतला, काळा तर काळा.

काल मेस्त बेनितनं
सिंकशेजारचं जुनं कपाट ओढलं
आणि हाक मारली:
बायये, हांगा कितें तरी बरयलां, पळय.

चुन्यावर पेन्सिल. रोमी अक्षरं.
बेनितनं चष्मा पुसला आणि चर्चमध्ये वाचतात तसं वाचलं:
जानेर, फेवरेर, मार्स...
प्रत्येकापुढे तीन हजार दोनशे
आणि एक लहानशी फुली.
सेतेंब्रपुढे आकडा आहे.
फुली नाही.
त्याच्याखाली भिंत, नुसतीच.

कोणी आजारी पडलं?
की आखातातून एकरकमी पैसे आले
आणि लिहायची गरजच उरली नाही?
की फक्त कपाट आलं, आणि मागची भिंत कुणाला दिसेना?
रिबेलोबाईचा नंबर आहे माझ्याकडे.
मी फोन हातात घेतला, ठेवून दिला.
आमटीत मीठ किती घातलं हे माणसं विचारतात,
हे नाही विचारत.

टायल मारूं? बेनितनं विचारलं.
तेवढ्या जागेत नऊ बसतात,
पासष्टला एक, म्हणजे पाचशे पंच्याऐंशी.
सोडून दिली असती ती जागा,
पण शेगडी तिथंच येणार, तेल उडतं.
मार, मी म्हटलं.
थांब जरा.

त्याच्या कानामागची पेन्सिल ओढली,
सांडलेल्या सिमेंटवर गुडघा टेकला
आणि सेतेंब्रपुढे फुली मारली.
जरा जोरातच. टोक मोडलं.

बेनित काही बोलला नाही.
घमेल्यात पाणी ओतलं, माल कालवला,
पहिली टाइल पाठीकडून ओली केली,
मग हात पुढे केला:
पेन्सील दी म्हजी. एकूच आसा.