बारा बोअर

ठाणे अंमलदारानं रजिस्टर पुढे ओढलं.
"नळी एक की दोन?"
दोन. शेजारी शेजारी.
"नंबर?"
नळ्यांच्या पोटाखाली, आकड्याजवळ.
तिथं तेल साठतं, अंगठ्यानं पुसावं लागेल.
त्यानं चष्मा वर केला.
"तुम्हाला हो कसं माहीत?"

काय सांगू.
करावे गावात रविवारी घरोघर कोलंबी सोलायचे,
आमच्याकडे वर्तमानपत्र पसरून
बाबा बंदूक सोलायचे.
आधी उघडून बघायची, दोन्ही घरं रिकामी ना.
रिकामी दिसली तरी पुन्हा बघायची.
मग मिटून, पुढचं लाकूड, खट्.
मग कळ उजवीकडे.
नळ्या मान टाकतात
आणि उचलल्या की खुंटीवरून सुटतात.
नळ्या, दस्ता आणि ते वीतभर अक्रोडाचं लाकूड,
जे हरवू नये म्हणून आई मांडीवर घेऊन बसायची.
जोडताना सगळं उलट.
"जोर लावाचा नाय, बाय.
बसत नसंल तं तुजं चुकतंय, तिचं नाय."

नळीखाली शंकरपाळ्यात कोंबलेला १२.
बाजूला पावणेतीन, ती काडतुसाची लांबी, इंचात.
त्याखाली कारखान्याचा ठसा:
जादा दारू भरून उडवली होती, फुटली नाही.
डावी नळी तोंडाशी चिंचोळी,
छर्रे लांबवर एकत्र ठेवते.
उजवी मोकळी, लगेच पांगू देते.
(काका पांगले तेव्हा मला उजवी आठवली.)

बारा म्हणजे बारा काय?
मी विचारलं, तर बाबा दिवाळ्याच्या हिरू कोळ्याकडून
जाळ्याचं शिसं घेऊन आले.
एक पौंड तोललं. मातीच्या साच्यात
सारखे बारा गोळे ओतले.
त्यातला एक नळीत जेमतेम गेला.
म्हणून बारा.
वीस केले असते तर वीस बोअर, बारीक नळीची.
"जवरा नंबर मोठा, तवरा गोला लान."
शाळेत मला उलटं शिकवलं होतं.

आजोबांना परवाना मिळाला होता पीक राखायला,
भातात रानडुकरं शिरायची म्हणून.
भात गेलं. डुकरं गेली.
खाचरावर सेक्टर आला, सेक्टरला नंबर आला,
परवान्यावर मात्र कितीतरी वर्षं
'पीक संरक्षणार्थ'.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट सुटला
तेव्हा सातबाऱ्यावर नऊ वारस निघाले,
आणि त्या दिवशी मला बोअर
खऱ्या अर्थानं समजलं.

मग बाबांनी तीच बंदूक घेऊन
नेरूळच्या पतपेढीच्या काचेच्या दाराशी
तेवीस वर्षं स्टुलावर काढली.
पट्ट्यात दोन काडतुसं.
खाडीच्या दमटपणानं पितळ हिरवं पडायचं,
ते राखेनं घासायचे.
लहान मुलं विचारायची, खरी आहे का?
खरी आहे, म्हणायचे, म्हणून तर गप आहे.

अंमलदारानं नळ्या ट्यूबलाइटकडे धरून डोळा लावला.
"आरसा आहे आत. वापरली नाही का कधी?"
रोज वापरली, म्हटलं.
त्याला कळलं नाही.
जोडायला गेला, बसेना,
तळहातानं ठोकू लागला.
जोर लावू नका, साहेब.
मी हातात घेतली, जराशी तिरपी केली,
खुंटी सापडली. नळ्या मिटल्या. मग लाकूड.
खट्.
हवालदाराच्या हातातला चहा
तसाच थांबला.

त्यानं लिहिलं:
दुनळी, बारा बोअर, चालू स्थितीत.
परवानाधारक हसुराम जोमा भोईर, मयत.
जमा करणार: मुलगी.
सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

"आणखी काही?"
काडतुसं दिली. दोन.
रिकामी कॅनव्हासची पिशवी घडी करून घेतली,
तिला अजून तेलाचा वास आहे.

गोळ्यांचं त्यानं विचारलं नाही.
अकरा आईनं हिरूला परत दिले होते,
शिसं कुणी फुकट ठेवत नाही.
बारावा माझ्या पर्सच्या तळाशी आहे,
सुट्ट्या पैशांत.
रिक्षावाल्याला देताना दर वेळी
तोच आधी हाताला लागतो.