तांबडा भोपळा

तासगावच्या नणंदेनं धाडला,
नऊ किलोचा, कंडक्टरच्या ओळखीवर.
विळीवर धरला तर विळीच उलथली.
सुरी रुतली ती रुतलीच,
नुसती मूठ हातात आली, पातं आत.
लेकानं मागवलेला चॉपर
कांद्या-मिरचीपुरता शूर.
अडकित्त्याकडे बघून मलाच हसू आलं.

डाव्या मनगटात यंदा जोर नाही.
कुणाला बोलले नव्हते.
भोपळ्याला कळलं.

मग कडेवर घेतला
आणि गेले सतारमेकर गल्लीत,
सिकंदरभाईंकडे.
तंबोऱ्यांचे भोपळे आढ्याला टांगलेले,
वाळून खडखडीत.
माझा बघून म्हणाले,
"वहिनी, याला तारा लावायच्या का फोडणी?"

पेन्सिलीनं पोटावरून रेघ मारली.
बारीक दात्यांची करवत,
दाबली नाही, नुसती मागंपुढं,
झोपलेल्या पोराखालून दुपटं ओढावं तशी.
"जोर लावला की तडकतं.
आमचे आजे तलवारींना धार लावायचे,
ते पण हेच सांगायचे."

दोन फाका.
केशरी गर, ओल्या बियांचा वास,
आणि मधोमध माझं पातं, ओशाळल्यासारखं.
ते त्यांनी पुसून वेगळं ठेवलं.
"मूठ घेऊन या उद्या. शिसवीचा तुकडा आहे, बसवून देतो."

एक फाक तिथंच ठेवली.
दुसरीचे घारगे केले, गरम गरम पाठवले.
तासाभरात डबा परत आला,
आत मूठभर खारका, आणि निरोप:
गूळ जरा कमी पडला.