मुख्यालयाचा रकाना

चैत्र सरला की इंदुरात आमच्या दफ्तराची पाळी.
ग्वाल्हेरहून पेट्या यायच्या, साठ-सत्तर, जाड पत्र्याच्या,
कुलपांवर लाख, अंगावर लष्करची धूळ,
आणि मागोमाग शितोळे, तिकडचे अव्वल कारकून.
उतरल्याबरोबर पहिला प्रश्न: "पाणी अजून तसंच जड आहे का हो?"

पंचवीस संस्थानं एका दोरीत बांधलेली.
उन्हाळा आमचा, हिवाळा त्यांचा.
ज्याची पाळी, त्याची फाइल वर.
इंदुरात गिरण्यांचे कागद वर यायचे, तापल्या दुधावर साय यावी तसे.
ग्वाल्हेरात तेच तळाला,
वर मुरारच्या बराकी, नाल्यावरचा पूल, तिथल्या पोटऱ्या.
खोटं कुणी करत नसे.
फक्त गठ्ठा उलटा ठेवायचे.

श्रोत्री, आमचे हेडक्लार्क,
शेवटच्या पंधरवड्यात गॅसबत्ती लावून सह्या घ्यायचे,
आणि नको ती फाइल हसत पेटीत टाकायचे:
"जाऊ दे तिला. थंडीत पिकेल."

मी "आमचा उन्हाळा" म्हणतो खरा,
पण मी देवासचा.
धार, रतलाम, सैलाना, झाबुआ, देवास,
आमच्या नावाचा ऋतूच नव्हता.
"निदान पावसाळा तरी द्यायचा यांना,"
श्रोत्री एकदा म्हणाले, आणि जीभ चावली.

पाळीचं आम्हाला कुणी शिकवायला नको.
एका गावात दोन गाद्या, थोरली पाती, धाकटी पाती.
आजोबा सांगायचे, भांडण झालं की आधी पाहायचं
मार खाणारा रस्त्याच्या कुठल्या अंगाला पडलाय.

त्या साली कार्तिकात सहा ट्रक निघाले आग्रा रस्त्याने.
तिसऱ्याचा आस मोडला, बरोबर टेकडीखाली.
पुढचे दोन गेले निघून, मागचे अजून इंदुरातच चहा पीत.
सलामत खाँ चाकाखाली दगड लावत म्हणाला,
"बाबूजी, आज सरकार इथंच झोपणार."
शिक्क्याची पेटी माझ्याच ट्रकात होती.

रात्री अकरापासून पहाटे सव्वापाचपर्यंत
मी तिच्यावर बसून राहिलो.
वर चामुंडेचा दिवा, खाली कुत्री,
पुढे-मागे कुठेच राजधानी नाही.

मग किल्ली काढली, करदोट्याची.
शिक्का उचलून पाहिला. जड होता, एवढंच.
ठेवून दिला.
शेजारच्या पेटीत बरखेडीच्या गेंदाबाईचा अर्ज होता,
विहिरीचा, तीन हिवाळे तीन उन्हाळे जुना.
गठ्ठ्याच्या अगदी मध्ये.
तेव्हा लक्षात आलं:
गठ्ठा कसाही उलटा, मधली फाइल मधेच राहते.
मी ती काढून वर ठेवली.
माझ्या कारकिर्दीत तेवढंच कामकाज झालं.

ग्वाल्हेरात शितोळ्यांनी झाकण उघडलं,
अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि रिवाजाप्रमाणे गठ्ठा सतरंजीवर पालथा घातला.
गेंदाबाई तळाला.
वैशाखात इंदुरात श्रोत्रींनी तोच गठ्ठा पुन्हा पालथा घातला,
बाई आपसूक वर.
श्रोत्रींनी चष्मा पुसला, शेरा मारला: "पाहणी व्हावी."
पाहायला कोण गेलं, ठाऊक नाही.
पुढे दोघांचेही ऋतू संपले,
सगळ्या पेट्या भोपाळला गेल्या, त्या परत यायच्या नव्हत्या.

आता जुन्या इंदुरात माझ्या ट्रंकेत एकच सरकारी कागद आहे,
प्रवासखर्चाचा, नामंजूर झालेला.
लोहाराची मजुरी तीन रुपये दहा आणे,
कंदिलाचं रॉकेल दोन आणे,
आणि मुख्यालयाच्या रकान्यात, माझ्या तिरप्या अक्षरात: देवास.
हिशेबनिसाने त्यावर तांबडी रेघ ओढली आहे.
एकच ओढली. खालचं अजून वाचता येतं.