पाचर

सलालाला, सूकच्या मागच्या गल्लीत, आमचं फ्रेमचं दुकान.
पाटीवर अरबीत मालकाचं नाव, खाली इंग्रजीत तेच.
मराठीत काही नाही. मराठीत मी.

गुरुवारी बंदरावरच्या डॅनिश इंजिनियरची बायको आली, बिर्गिटबाई,
चादरीत गुंडाळलेलं चित्र मुलासारखं कडेवर घेऊन.
आजीचं आहे, म्हणाली,
इथल्या दमट हवेनं पोट सुटलंय त्याला.

खरंच सुटलं होतं. कॅनव्हास मधोमध फुगलेला
आणि त्या फुगवट्यावर एक स्वयंपाकघर:
खिडकीशी म्हातारा, लाकडी बूट तासत बसलेला,
बाकावर बाई, मांडीत टोपली, वाटाणे सोलते आहे.
उंबऱ्यावर कोंबडी. एक पाय आत,
एक वर उचललेला, येऊ की नको.
बस, एवढंच.
कुणी मेलं नाही, कुणाचं लग्न नाही,
कुणाला पत्रसुद्धा आलेलं नाही.

मालक मुसल्लम बघून गेला.
गाय कुठे दिसत नाही, म्हणाला. त्याच्या डोंगरावर तीस आहेत.
रफीकुल म्हणाला, चुलीवर भातच असणार.
असेल, मी म्हटलं.
मी तिचा अंगठा बघत होतो.
नखाच्या कडेला हिरवं,
अख्ख्या चित्रात तेवढंच हिरवं.
इतक्या वर्षांत तिला कुणी हात धुवायला उठू दिलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून चित्र पालथं घातलं.
पाठीवर धूळ, पेन्सिलीनं लिहिलेला कसला तरी आकडा,
चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी. तीन शाबूत.
चौथीची जागा रिकामी,
सैल पडत आलं ते तिथूनच.

तेवढ्यात फोन. रेवदंड्याहून शालन.
फोन ती मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते,
म्हणून मला दिसतं ते असं:
एक कोपर, वरचे दोन वासे,
आणि भिजलेल्या वालांचं पातेलं.
जेवलास?
हो. तू?
कधीच.
मग बोलायचं संपलं,
पण फोन कुणीच ठेवला नाही.
ती वाल चिमटीत धरून दाबायची,
डाळिंबी टुणकन ताटात, साल वाटीत.
तिचं घड्याळ माझ्या दीड तास पुढे;
तिकडे साडेअकरा वाजून गेले असणार.
मधेच दारात काहीतरी खुडबुडलं.
हुश्श, म्हणाली ती, मान न वळवता.
काय होतं ते मला दिसलं नाही.

दुकानातल्या पाचरी त्या खाचेत बसेनात.
शहाळेवाल्याच्या टपरीमागे झावळ्या पडलेल्या असतात,
त्यातला एक वाळका दांडा आणला, तासला.
कानस, पुन्हा तासणं, पुन्हा बसवून बघणं.
काय करतोयस, तिनं विचारलं.
लाकूड तासतोय.
बरं, म्हणाली, आणि पुढचा वाल घेतला.
ओलीत फुगेल जराशी, म्हणजे घट्टच धरेल.
हातोडीचे तीन हलके ठोके.
तिकडे ताट भरलं होतं की फोन झोपला होता,
पडदा काळा.

शनिवारी बिर्गिटबाईंनी चित्रावरून हळूच तळवा फिरवला. सपाट.
अकरा रियाल मोजले.
ही माणसं कोण, मी विचारलं.
कुणीच नाही, म्हणाल्या. आमच्याकडे तिला नुसतं
वाटाणेवाली म्हणायचे.

झावळीचं काही बोललो नाही.
एवढंच म्हटलं, हा खालचा डावा कोपरा जपा.
त्यांनी मान डोलावली
आणि गाडीत चित्र त्याच कोपऱ्यावर टेकवून ठेवलं.