भाषेचा रकाना

नियमावली एकवीस पानांची, इंग्रजीत,
तिसरं पान झेरॉक्समध्ये तिरकं आलेलं.
हुद्दार मॅडमनी ती एकदा कानडीत समजावली, एकदा मराठीत.
दोन्ही वेळा फळ्यावर 'बातमी' लिहून
वर फुली मारताना खडू मोडला.

बातमी द्यायची नाही, माहिती द्यायची.
उद्या पहाटे चारला वडगावात पाणी सोडतील,
ही माहिती, कागदावर पाणीपुरवठ्याचा शिक्का असेल तर.
अकरा दिवस झाले, पाणी आलेलं नाही,
ही बातमी.
इराण्णा म्हणाला, पण मॅडम, नळ तर एकच की.
मॅडम हसल्या नाहीत.
त्यांच्याही गल्लीत अकरावा दिवस होता.

आमचा कार्यक्रम वीस मिनिटांचा, हातमागाचा.
निंगाप्पा कामकरांच्या दारातून वाकून आत गेलं
की खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस
जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो.
संमतीपत्रावर सही कानडीत केली,
आणि मराठीत विचारलं,
"घर तर जात न्हाई न्हवं ह्येच्यात?"
मी म्हटलं, नाही मामा, फक्त आवाज.
"मग घेऊन जावा. त्यो काय गिऱ्हाईक थांबवतोय?"

खळ कशी लावतात सांगितलं, तुटलेला धागा
थुंकी लावून कसा जोडायचा, तेही.
मग हात चालू ठेवूनच घसरले दुकानांच्या पाट्यांवर,
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली,
कुणाच्या मोर्चात कोण.
सात मिनिटं. तरन्नुम माझ्याकडे बघत राहिली.
मी लाल दिव्याकडे.
शेवटी एक जुनं सिनेमातलं गाणं गुणगुणले,
इतकं छान की इराण्णा खोकला दाबून बसला.

पाट्या कापल्या. राजकारण.
गाणं कापलं. त्याच्या हक्काचे पैसे
आमच्या प्रोजेक्टच्या वर्गणीत बसत नव्हते.
पण गाण्याखाली माग चालूच होता,
गाणं उचललं तर मागही उचलला जायचा.
तरन्नुमनं रात्री दहापर्यंत खटाटोप केला,
मग दुसऱ्या दिवशी परत वडगावला जाऊन
चार मिनिटं नुसता धोटा आणला,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बुधवारी संध्याकाळी सहाला प्रक्षेपण झालं.
मनोरा तीस मीटरच्या आत, वॉट मोजून दिलेले.
सीमा कुठे थांबते ते एकवीस पानांत नाही,
लहर कुठे थकते तेवढं आहे.
शिनोळीच्या मावशीनं गच्चीवरून फोन केला,
खरखर ऐकू आली, म्हणाली,
आणि मधे कुणीतरी दार वाजवत होतं.

निंगाप्पांनीही ऐकलं, पानपट्टीवर.
"गाणं कुठं गेलं माझं?"
मी सांगितलं, गाण्याला मालक असतो, मामा.
ते बराच वेळ कांडी भरत राहिले.
"आनि ह्या खटखटीला?"
मला पान नंबर आठवेना.

नोंदवही लिहायचं काम माझं.
ध्वनिमुद्रण नव्वद दिवस जपायचं, नोंदी रोजच्या रोज.
वेळ, कालावधी, निवेदक, विषय, भाषा.
सहा वाजून नऊ मिनिटं, चार मिनिटं, मागाचा आवाज,
भाषा:

मी रकाना मोकळा सोडला.
वही परत आली. मोकळं चालत नाही.
इराण्णा म्हणाला, कानडी लिही, सही कानडीत आहे.
तरन्नुम म्हणाली, मग बोलले ते?
मी दोन्ही लिहायला गेले,
रकाना एका शब्दापुरताच.

शेवटी मॅडमनी पेन घेतलं.
घरात कानडी बोलणाऱ्या, माहेर कारदग्याचं,
टोपण दातात धरून
बाहेरच्या बोर्डाकडे बघत बसल्या.
मग लहान अक्षरात लिहिलं:
लागू नाही.

आम्ही तिघंही वाकून वाचलं.
बेळगावात हे दोन शब्द
या रकान्यात मी पहिल्यांदाच पाहत होते.
मॅडम म्हणाल्या, शाई वाळू दे,
आणि बघा रे कुणीतरी,
नळाला आवाज येतोय का.