खाद्य : द्राक्षाचं पान

समिती सोमवारी येणार, म्हणून शनिवारी दुपारी
तिसरं कपाट उघडलं.
डांबरगोळ्यांचा वास, आणि त्यामागे काचच काच.

बाटल्यांतल्या सगळ्या अळ्या आता एकाच रंगाच्या,
उकडलेल्या बटाट्याच्या.
हिरव्या होत्या त्याही, चॉकलेटी होत्या त्याही.
स्पिरिट आधी हिरवा पितं, मग पिवळा.
आठवड्याभरात बाटली पोपटी आणि अळी पांढरीफटक.
बदला, पुन्हा भरा, झाकणाला मेण लावा.
बावीस वर्षं हेच शिकवते आहे.

मला शिकवलं दगूमामांनी.
दगाजी काळू अहिरे, प्रयोगशाळा परिचर, मूळ गाव मुल्हेर.
हजेरीपटावर सही, प्रबंधांच्या आभारात कुठेच नाही.

"एक दिवस उपाशी ठेव. पोटातलं पान आधी कुजतं, मग अळी.
मग पाणी. उकळतं नाही,
चहाच्या आधणाला बुडाशी मोती धरतात ना, तेव्हा उतरव.
वीस मोज.
थेट स्पिरिटात टाकलीस तर काळी पडेल,
आणि काळी अळी तिच्या आईलाही ओळखू येत नाही."

चिठ्ठी बाटलीच्या आत. पेन्सिलीनं.
"पेनची शाई दारुडी असते, पोरी.
स्पिरिटात गेली की नाव-गाव विसरते."

नोव्हेंबरात मखमलाबादच्या मळ्यांत जायचो,
त्यांची लुना, मागे मी, मांडीवर भोकं पाडलेला स्टीलचा डबा.
बागाईतदार हसायचे :
"अळ्या? सगळ्या न्या. वर भाडं देऊ का?"
आता जाते, तर पानांवर मोरचुदाचा निळा थर.
दोन तास फिरून हाती लागतात
फक्त द्राक्षं.

खालच्या खणात ती सपाट पेटी आहे.
तिच्यातल्या अळ्या कोरड्या. रंग राहावा म्हणून
फुंकून ठेवलेल्या.
टीपकागदावर अळी, वर काचेची कांडी,
डोक्याकडून शेपटाकडे, हळू.
आतलं सगळं बाहेर.
(पहिल्या दिवशी मी मागच्या नळाशी जाऊन ओकले.)
मग गव्हाची काडी, दोऱ्याची गाठ,
स्पिरिटच्या दिव्यावर कंदिलाची काच आडवी,
काचेत अळी, आणि मामा
गाल न फुगवता फुंकताहेत.

कॉलेजनं रबरी फुगा आणून दिला होता.
तो त्यांनी नातवाच्या सायकलच्या भोंग्याला बसवला.
"रबराला कळत नाही कधी थांबायचं.
जास्त फुंकलं तर वळ्या उलगडतात, कमी फुंकलं तर म्हातारी होते.
नुकती जेवून उठल्यासारखी दिसली पाहिजे."
एका अळीला नऊ मिनिटं.
या कामासाठी बिडी सोडली, असं सांगायचे.
काकू म्हणायच्या, खोटं आहे.

दुसऱ्या लाटेत गेले. नाशिकरोडला, चार दिवस नळीवर.
मशीन हवा आत ढकलत होतं, मी काचेबाहेर,
आणि डोक्यात एकच :
याला कळतं का, कधी थांबायचं?

पेटीतली तिसरी, शिंगाळी.
अजून हिरवी. जरा फिकी, पण हिरवी.
मानेजवळचे खोटे डोळे उघडे, शिंग शाबूत.
टाचणीसकट उचलली. वजन असं नाहीच.
खाली चिठ्ठी, त्यांच्या हातची :
मखमलाबाद. १९ नोव्हेंबर १९९८.
खाद्य : द्राक्षाचं पान.
संग्राहक :
आणि पुढे माझं नाव, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं.

मी तर नुसता डबा धरला होता.

पेन्सिल शोधली. टोक केलं.
चिठ्ठीत जागा उरली होती करंगळीच्या नखाएवढी,
त्यात मावेल तेवढं लिहिलं :
फुंकली दगाजी काळू अहिरे यांनी.

सोमवारी विचारतील, नमुने किती, जाती किती.
सांगेन. आकडे आहेत.
झाकण लावताना तोंड बाजूला केलं, श्वास धरला.
एवढ्याशानंही हलतात त्या.