तोलाराची नोंद

सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं
मी हळद तोलली.
राजापुरीची पोती, घोडीला टांगलेला ताणकाटा,
आणि माझा आवाज: पन्नास, पन्नास दोनशे, एकोणपन्नास आठशे.
शेतकरी काट्याकडं बघायचा, अडत्या माझ्याकडं.
मी सुईकडं.

काल सांगलवाडीला, पुतणीच्या गच्चीवर,
त्रिशलानं हनुवटी धरून माझी मान वर केली.
"तो बघा काका, चालला."
एक ठिपका, न लुकलुकणारा,
आयर्विन पुलावरून मिरजेच्या अंगाला.
"आत माणसं आहेत."
म्हटलं, त्यांना तिथं वजनच नसतं ना.
ती शाळेत शिकवते, तिला हे वाक्य
खडू फळ्यावर किरकिरावा तसं लागतं.
म्हणाली, इथून तिथवर शिडी लावा,
चारशे किलोमीटरची,
वरच्या पायरीला तुमचा काटा टांगा.
पन्नासाचं पोतं सव्वाचव्वेचाळीस भरेल.
पावणेसहा किलो! यार्डात एवढ्या तुटीला
माणसं कॉलर धरतात.
पण शून्य नाही. पृथ्वी तिथंही ओढतेच.

मग तरंगतात कशी?
"पडतायत, काका.
इतकी जोरात आडवी धावत पडतायत
की जमीन त्यांच्याखालून वळत जाते
आणि आपटायचं राहूनच जातं."

तेव्हा मला बाबगोंडा आठवला.

ब्याण्णवचा चैत्र. घोडीची साखळी तुटली.
काटा आणि पोतं, दोन्ही एकदमच सुटले.
माझी नजर सवयीनं सुईवर.
पन्नासावरची सुई
शून्यावर आली.
खाली पोचेपर्यंत, पापणी लवेतो,
त्या पोत्याला वजन नव्हतं.
मग ते बाबगोंडाच्या पायावर पडलं.
हळद उडाली, आम्ही सगळे पिवळे,
आणि त्या पिवळ्यात कुठंतरी तो ओरडत होता.

सुई शून्य म्हणाली, हे मी कुणाला सांगितलं नाही.
तोलारानं असलं बोलू नये.
इतकी वर्षं वाटायचं, भीतीनं डोळा चुकला.

काल त्रिशलाला सांगितलं.
हसली नाही, हे बरं केलं.
"डोळा बरोबर होता," म्हणाली. "काटाही."

आणि तराजू? जुना, दांडीचा?
"वर नेला तर दांडी ठेवाल तशी राहील.
एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात काहीच नाही, तरी."
हे मात्र मला रुचलं नाही.

ठिपका सावलीत शिरला, विझला.
खाली कुणीतरी मोटर लावली,
टाकीत पाणी चढू लागलं.
माझ्या नखांच्या कडांना अजून पिवळं आहे.

बाबगोंडा शेवटपर्यंत लंगडत राहिला.
त्या पोत्याची पावती फाडायची राहिली ती राहिलीच.
आज लिहायला बसलो, तर
वजनाच्या रकान्यात शून्य लिहवत नाही,
पन्नासही लिहवत नाही.
शेऱ्यात एवढंच उतरतं:
काटा सोबत पडत होता.